वाळीत टाकलेली गाडी

तेलाचं जहाज आलं नव्हतं. बेटावरच्या गाड्या जागच्या जागी बसल्या होत्या आणि रिकाम्या रस्त्यांवर लोकांनी लवंग वाळत घातली होती. अर्धं डांबर लवंगेखाली, उरलेल्या अर्ध्यावर शेळ्या. एरवी गाडीचा आवाज आला की बायका फडे घेऊन धावत आणि ड्रायव्हरच्या आईबापाचा उद्धार करत. आज फडे भिंतीला टेकलेले आणि बायका सावलीत लवंडलेल्या.

नेमकं अशाच दिवशी मोइनैशाला अंधार पडायच्या आत डोमोनीच्या पुढच्या पुळणीवर पोचायचं होतं.

तिला गावात सगळे कोको म्हणत. कोको म्हणजे आजी, पण गावात आज्या पुष्कळ होत्या आणि कोको एकच. लग्न कुणाचं कुणाशी, कुठल्या घराला गाय पाठवायची, कुणाशी बोलायचं नि कुणाशी नाही, हे मशिदीच्या ओट्यावर पुरुष ठरवत. आदल्या रात्री कोकोनं त्यांच्या बायकांना जे सांगितलेलं असे तेच ठरवत.

दुपारची भाकरी झाल्यावर तिला कळलं की नात घरात नाही. झालियाची चादर घडी घातलेली होती. ती पोरगी जन्मात कधी चादरीची घडी घालत नसे. कोकोनं चूल तशीच सोडली. ती शेजारच्या आन्फियाच्या अंगणात जाऊन उभी राहिली. आन्फिया पातेलं घासत बसली होती.

"झालिया कुठंय?"

"मला काय ठाऊक, कोको?"

"ठाऊक नसतं तर मघापासून एकच पातेलं घासत बसली नसतीस. भोक पडेल त्याला. बोल."

आन्फियाच्या डोळ्यांतनं पाणी आलं. "तिनं शपथ घातलीय."

"मग रडत रडत सांग, शपथ भिजून जाईल."

आन्फियानं सांगितलं. डोमोनीच्या पुढं खडकाळ पुळण आहे. तिथनं आज दिवेलागणीला क्वासा सुटणार. सकाळीच झालिया लवंगेच्या बागांतनं खाली उतरली. पुढं तिला कुणीतरी गाडीत घेणार होतं. कुणाची गाडी ते आन्फियाला माहीत नव्हतं.

क्वासा म्हणजे मासेमारीची होडी. तिला दोन इंजिनं लावतात आणि माशांच्या जागी माणसं भरतात, माशांसारखीच. ती जाते माओरेला, समोरच्या बेटावर. कोकोच्या लहानपणी लोक तिकडं लग्नाला जात आणि तिकडची उरलेली मिठाई घेऊन परत येत. आता तिकडं फ्रान्सचे शिपाई. कागद असेल तर विमानानं जा, नसेल तर क्वासात बस आणि देवाचं नाव घे. झालियाची आई एशाती अशीच गेली होती, पोरीचे दुधाचे दात पडत होते तेव्हा, न विचारता. ती पोचली. पण तेव्हापासून कोको लेकीशी एक शब्द बोलली नव्हती. शुक्रवारी फोन वाजला की ती कमरेचा फोन काढून झालियाच्या हातात द्यायची आणि स्वतः चुलीशी जाऊन बसायची.

झालिया का निघाली हे सांगायला आन्फियाची गरज नव्हती. मुलीचं घर मुलीच्या माणसांनी बांधायचं आणि जावयानं तिथं राहायला यायचं, ही रीत. कोकोनं घर उठवलं होतं, वरच्या मजल्याच्या सळया आभाळात उभ्या होत्या, आणि फ्रान्समधल्या मार्सेयहून नवरा यायचा होता. सोनं, गायी, सगळ्या गावाला जेवण.

"कोको, तो पन्नाशीचा आहे. जिना चढताना गुडघे धरतो," झालिया म्हणाली होती.

"तुला काय गुडघ्यांशी संसार करायचाय?" कोको म्हणाली होती, आणि बायका पोट धरधरून हसल्या होत्या. झालिया हसली नव्हती. हे कोकोला आत्ता आठवलं.

कोकोनं लालपांढरी शिरोमानी डोक्यावरून घेतली, फोन कमरेला खोचला आणि फाट्यावर आली. वारा सुटला होता. दक्षिणेकडून येतो तो कुसी. डोंगरात तो नुसता केळीची पानं फाडतो. समुद्रावर काय करतो ते बायकांना पुरुषांच्या गप्प बसण्यावरून कळतं.

झालियाचा फोन बंद होता. पुन्हा लावला, पुन्हा बंद.

पुष्कळ वेळानं एक गाडी आली, नासूफची, मागं लवंगेची पोती. त्यानं कोकोला पाहताच पुढं बसलेल्या दोन बाप्यांना पोत्यांवर चढवलं.

"पुढं बसा, कोको. बंबाओपर्यंत सोडतो. त्याच्या पुढं गाडी माझ्यावर चालेल, मी तिच्यावर नाही. टाकीत नुसता वास उरलाय."

"बंबाओपुढं काय मिळेल?"

"आज? वारा मिळेल." तो स्वतःच्या विनोदावर हसला आणि मग हसू गिळलं. "डोमोनीच्या कोळ्यांनी सकाळीच होड्या वर ओढल्यात, कोको. तुम्हाला मासे हवे असतील तर नका जाऊ."

"मला मासे नकोत."

उतारावर मागच्या पोत्यांचा भार गाडीला ढकलत होता. वळणावर खाली समुद्र दिसला. दुरून तो नेहमी निळा आणि गुळगुळीत दिसतो. आज दुरूनही त्याच्यावर पांढरे ओरखडे दिसत होते.

नासूफला गप्प बसवत नव्हतं. "गेल्या महिन्यात आमच्या मेव्हण्याच्या गावी पुळणीला चपला लागल्या. बायकांच्या, पोरांच्या. नुसत्या चपला."

"गाडी चालव."

"नाही, मी आपलं सांगितलं."

"तुला सांगायला नाही, चालवायला बसवलंय. पुढं बघ."

तो पुढं बघू लागला. कोको शिरोमानीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली, बोट पांढरं पडेपर्यंत.

बंबाओच्या तिठ्यावर तिला उतरवून नासूफ गेला. तिथं तोईबा नावाची बाई शेगडीवर कसाव्याचे कंद भाजत होती. अंगानं भरलेली, तोंडावर चंदनाचा पिवळा लेप. कोकोला ती बाजारापुरती ओळखत होती. दुसऱ्या गावची, तिला कोकोचा धाक नव्हता.

"बसा, बाई. उभं राहून गाड्या येत नाहीत."

"बसूनही येत नाहीत. तू रोज बसतेस, तुला कुणी नेलं?"

"मला नेईल अशी गाडी बनायची आहे अजून," तोईबा आपल्या कमरेवर हात मारून म्हणाली. "कुठं निघालात?"

"डोमोनीपुढं."

तोईबाचा चिमटा शेगडीवर थांबला. तिनं कोकोचं तोंड पाहिलं. एक कसावा पानावर ठेवून पुढं केला. कोकोनं तो हातात धरला, खाल्ला नाही.

दोन गाड्या आल्या. कोकोनं हात करून दक्षिण दाखवली. पहिलीच्या ड्रायव्हरनं बोट खाली वळवलं, म्हणजे इथंच थांबणार. दुसरीत माणसं अशी कोंबली होती की ड्रायव्हर दाराबाहेर अर्धा लोंबत होता. त्यानं नुसती मान हलवली. ऊन डोंगराच्या खांद्याकडं सरकू लागलं. शेजारच्या भट्टीतून फुलांच्या अत्तराचा वास येत होता, तो गोड वास कोकोला आयुष्यात पहिल्यांदा मयतासारखा वाटला.

तेवढ्यात तिसरी गाडी आली. निळी, मागच्या काचेला पडदा.

"घ्या! ही जाते तुमच्या वाटेनं. सगळ्या बेटावर तेल नसलं तरी ह्या सुफूकडं असतं. होडीवाले देतात म्हणे."

"मला काही दिसत नाही," कोको म्हणाली.

"अहो, ही काय, निळी."

"तिथं रस्ता आहे. रस्त्यावर काही नाही."

तेव्हा तोईबाच्या ध्यानात आलं. सुफू कोकोच्याच गावचा. दोन वर्षांमागं कोकोच्या धाकट्या भावाचं मयत निघालं होतं. जनाजा रस्त्यावर, सगळं गाव मागं, आणि मागून सुफूची गाडी. आत विमान गाठायच्या घाईतला उतारू. सुफूनं हॉर्न वाजवला. एकदा नाही, तीनदा. खांदेकरी दचकले, जनाजा कलला, आणि सुफू गाडी बाजूनं काढून जनाज्याच्या पुढं गेला. मयताच्या पुढं कुणी जात नाही. त्यानं मशिदीत दंड भरला, पण कोकोला दंड नको होता. बायकांच्या समोर तिच्या उंबऱ्याशी येऊन त्यानं नाक घासायला हवं होतं. तो आला नाही. मग तो वाळीत पडला. त्याच्या गाडीत गावचं कुणी बसायचं नाही. त्याच्याशी जो बोलेल तोही वाळीत. ती गाडी दिसली की पाठ करायची, ती नजरेआड होईपर्यंत. गावानं हे इतकं चोख पाळलं होतं की पोरंही खेळता खेळता भिंतीकडं तोंड करत.

गाडी हळू झाली. कोकोनं पाठ फिरवली.

गाडी तिच्या मागं येऊन थांबली. इंजिन धडधडत होतं. कोकोनं शिरोमानी कपाळावर ओढली आणि भट्टीच्या भिंतीवरची एक भेग बघत राहिली. मागं दार उघडल्याचा आवाज झाला. उघडलं, पण कुणी उतरलं नाही. वाऱ्यानं दार करकरत होतं. कोकोला वाटलं, मेला मुद्दाम थांबलाय, मी वळते का बघायला. बघ म्हणावं. मान मोडली तरी वळायची नाही. ती ताठ उभी राहिली, लग्नात मानाच्या जागी उभी राहते तशी.

बराच वेळ गेला. मग दार लागलं, हळूच, आणि गाडी दक्षिणेकडं निघून गेली.

"गेली?" कोकोनं भिंतीलाच विचारलं.

तोईबानं चिमटा खाली ठेवला. मग म्हणाली, "बाई, तुमचं काळीज कशाचं आहे हो?"

"मर्यादेचं."

"सुफूशी वैर असेल. त्या पोरीनं काय केलं होतं?"

कोको वळली. "कुठली पोर?"

"मागं बसली होती ती. दार उघडून एक पाय खाली टाकला होता. तुमच्या पाठीकडं बघत होती, तोंडावर हात धरून. मला वाटलं तुमच्या ओळखीची. हात काढला तेव्हा दिसला, हनुवटीवर भाजल्याचा डाग..."

हातातला कसावा पानासकट खाली पडला. लहानपणी चुलीवर वाकून झालियानं तो डाग करून घेतला होता, आणि कोकोनंच त्यावर कोरफड बांधली होती.

आता कोकोला सगळं दिसलं. पोरीनं लपायला जागा कशी शोधली ते. जिच्याकडं सगळं गाव डोळे मिटून पाठ करतं, तिच्यापेक्षा सुरक्षित गाडी कुठली? होडीवाल्यांनाही ते कळलं होतं. गावोगावची माणसं ते सुफूच्या गाडीत बसवत, भर दिवसा, सगळ्यांच्या समोरून. कुणी पाहिलं का म्हणून विचारलं तर पाहिलं कुणीच नसे.

ती चालू लागली. "अहो, चालत कुठं पोचणार?" तोईबा मागून ओरडत होती. कोको चालत राहिली. वारा समोरून होता, शिरोमानी अंगाला चिकटत होती. चप्पल तुटली ती तिनं तिथंच टाकली. खाली खडकांवर लाटा आपटत होत्या आणि प्रत्येक लाटेला रस्ता किंचित हादरल्यासारखा वाटत होता.

पुढच्या वाडीपाशी समोरून निळी गाडी परत येताना दिसली. रिकामी.

कोको रस्त्याच्या मध्यावर जाऊन उभी राहिली, वाळणाऱ्या लवंगेत पाय रोवून. गाडी तिच्या गुडघ्यांपासून हातभरावर थांबली. सुफू बाहेर आला. बारीक झाला होता. तिनं त्याला दोन वर्षांत पाहिलंच नव्हतं, त्याच्या दाढीत पांढरं कधी आलं हे तिला कळायचं कारण नव्हतं.

"माझी पोर कुठंय?"

सुफूनं आधी आजूबाजूला पाहिलं. "माझ्याशी बोलताय? बोलेल तो वाळीत. तुमचाच कायदा."

"होडी सुटली?"

"मी निघालो तेव्हा नव्हती. वर डोंगरात आणखी माणसं थांबलीत, पण होडीवाले दुसरी खेप आणू नको म्हणाले. वारा वाढायच्या आत निघतो म्हणाले."

कोकोनं पुढचं दार उघडलं आणि आत बसली. लवंग वाळवणाऱ्या बायका उठून बघत होत्या. त्यातली एक तिच्या चुलतभावाची सून होती. तिनं कोकोला त्या गाडीत बसताना पाहिलं, आणि सवयीनं पाठ फिरवली.

"वळव गाडी."

"रस्ता अरुंद आहे. लवंग..."

"लवंगेवरून वळव!"

चाकांखाली लवंग चुरचुरली, तिखट वास गाडीभर झाला, मागं बायकांनी शिव्यांचा पाऊस पाडला. सुफूनं गाडी सोडली. खिडकीतून वारा असा आत शिरत होता की बोलायचं तर ओरडावं लागे.

"मला सांगायचंस की रे! तिठ्यावर थांबलास ना? तोंड नव्हतं तुला?"

"ती म्हणाली, थांबव. कोको उभी आहे, थांबव. मी थांबवली." त्यानं गिअर टाकला. "दार उघडून बसली. म्हणाली, कोकोनं वळून पाहिलं तर उतरते. नुसतं पाहिलं तरी. हाक मारायची गरज नाही म्हणाली. मी किती वेळ थांबलो तुम्हाला माहीत आहे. मागची माणसं दबक्या आवाजात शिव्या देत होती."

कोकोनं खिडकीची काच वर चढवली.

"माझी हाक तुम्ही ऐकली नसती. हॉर्नवर हात ठेवला होता मी," सुफू म्हणाला. "वाजवणार होतो. मग म्हटलं, नको. मोइनैशाबाईंच्या मागं हॉर्न वाजवून एकदा पाहिलाय."

तो टोमणा नव्हता. टोमणा असता तर कोकोला उत्तर देता आलं असतं.

डोमोनी मागं पडलं. घरं संपली, डांबर संपलं, गाडी दगडांवरून उडत होती. सुफू एकदा म्हणाला, "इंजिनं चांगली आहेत त्यांची," आणि मग थोड्या वेळानं, जणू कुणी विचारलं होतं म्हणून, "माणसं जास्त घेतलीत." कोकोनं डॅशबोर्ड दोन्ही हातांनी धरला होता. सूर्य डोंगरामागं गेला होता, पण उजेड होता. राखेसारखा, कशाचीच सावली न पाडणारा.

पुळणीवर कुणी नव्हतं. वाळूत होडी ओढल्याची ओली खूण होती, पावलं होती, एक फुटलेला डबा होता, एका पोराचा मोजा होता. पाणी ती खूण पुसत होतं.

"ती बघा," सुफू म्हणाला.

खडकांच्या रांगेपलीकडं होडी होती. लाट आली की ती वर यायची आणि माणसं दिसायची, काळी, एकमेकांना चिकटलेली. मग ती खाली जायची आणि काही दिसायचं नाही. प्रत्येक वेळी ती परत वर यायला थोडा जास्त वेळ घेत होती, की कोकोलाच तसं वाटत होतं.

कोको गुडघाभर पाण्यात गेली आणि ओरडली. "झालियाऽऽ!" ह्या आवाजानं मशिदीतले बाप्ये ओट्यावरून उठत. भांडणारे बैल थांबत, असं गावातले टवाळ म्हणत. वाऱ्यानं तो आवाज तिच्या तोंडातून काढला आणि डोंगराकडं फेकला. ती पुन्हा ओरडली. मग गाडीकडं वळून म्हणाली, "हॉर्न वाजव."

"कोको..."

"वाजव म्हणते ना! हात ठेव आणि काढू नकोस!"

सुफूनं गाडी पाण्याच्या तोंडाशी आणली आणि हॉर्न वाजवला. तो वाजवत राहिला. पुळणीवरचे बगळे उडाले. होडी वर आली. त्यातलं एक डोकं वळल्यासारखं वाटलं, पण ते कुणाचंही असेल. मग मोठी लाट आली आणि होडी तिच्यामागं गेली. नंतर वर आली ती पुष्कळ लांब, आणि नंतर दिसली की नाही हे दोघांनाही सांगता येईना. हॉर्न बसत गेला, आधी घोगरा झाला, मग बंद पडला.

तेव्हा कमरेचा फोन वाजत असल्याचं कोकोला कळलं. किती वेळ वाजत होता कोण जाणे. शुक्रवार नव्हता. तिनं फोन काढला, सवयीनं तो कुणाच्या हातात द्यायला हात पुढं केला, आणि समोर सुफूच होता. तिनं तो आपल्याच कानाला लावला.

"झालिया?" तिकडून एशाती ओरडत होती. "झालिया, तुझा फोन का लागत नाही? ऐक, आज निघू नकोस! इकडं समुद्र फार चढलाय. काल रात्रीची होडी आलीच नाही. ऐकतेयस ना? कोको काय बोलायची ते बोलू दे, तू घरातच थांब. पुढच्या महिन्यात बघू. झालिया? बोल ना गं!"

कोकोनं तोंड उघडलं. इतक्या वर्षांत लेकीला सुनवायला तिनं पुष्कळ साठवून ठेवलं होतं, एकेक शब्द धार लावून.

"मी आहे," ती म्हणाली. "तुझी आई."

आई फोनवर का आली, हे एशातीला कळायला जेवढा वेळ लागला तेवढा वेळ कुणीच बोललं नाही. फोनमध्ये वारा घोंघावत होता, आणि तो तिकडचा होता की इकडचा, ते ओळखता येत नव्हतं.